घराचा कागद आणि वारसांचे हक्क



सूरह नह्लच्या ८० व्या आयतीत अल्लाहने आपल्या देणग्यांची आठवण करून देताना माणसाच्या घराचा उल्लेख केला आहे. तेथे योजलेला शब्द 'सकन' असा आहे. विसावा, स्थैर्य, जिवाला मिळणारी शांतता, असा त्याचा आशय. मनाला लाभणाऱ्या समाधानासाठी आपण 'सकीना' म्हणतो, तोही याच धातूपासून आलेला. आपल्या मराठीतही 'बिऱ्हाड' आणि 'घर' हे दोन निराळे शब्द आहेत. बिऱ्हाड पाठीवर असते, ते उचलून दुसरीकडे नेता येते; घर मात्र माणसाला धरून ठेवते. म्हणूनच भाड्याच्या दोन खोल्यांत वीस वर्षे काढलेला माणूसही एखाद्या दिवशी 'आता आपले घर हवे' असे म्हणतो, तेव्हा तो चैनीची वस्तू मागत नसतो. प्रशस्त घर, सदाचारी पत्नी आणि चांगला शेजारी यांची गणना प्रेषित मुहम्मद (स.) यांनी माणसाच्या सौभाग्यात केलेली आहे.

आमच्या विंचूरमध्ये ही इच्छा कशी पूर्ण होते, ते मी जवळून पाहतो. निफाड तालुक्यातील हे गाव नाशिक-येवला रस्त्यावर, लासलगावच्या कांदा बाजाराला लागून आहे. येथील आपल्या जमातीत हमाली करणारे, टेम्पो चालवणारे, गवंडीकाम आणि गॅरेजची कामे करणारे, छोटी दुकाने असलेले लोक अधिक. कांद्याच्या हंगामात हातात पैसा येतो, पावसाळ्यात आटतो. अशा कमाईतून पै-पै बाजूला टाकून, भिशी लावून, बायकोच्या अंगावरचे सोने मोडून कोणी चार-पाच लाख उभे करतो आणि गावठाणात एखादे जुने घर किंवा गावाबाहेर एखादा तुकडा पाहू लागतो. इशाच्या नमाजनंतर असे बांधव मशिदीत थांबतात. कोणी दुआ करायला सांगतो. कोणी विचारतो, 'मौलाना, बँकेचे कर्ज चालेल का?' कोणी घरभरणीला कुरआनखानी ठेवण्याविषयी बोलतो. काहीजण तर संकोचाने दिवस चांगला कोणता तेही विचारतात, ज्याला आपल्या दीनमध्ये आधार नाही. पण 'हे घर विकणाऱ्याचे एकट्याचे आहे का, त्यात आणखी कोणाचा हक्क अडकला आहे का,' हा प्रश्न घेऊन माझ्याकडे फारच क्वचित कोणी आला आहे. आजचे हे चार शब्द त्या न विचारलेल्या प्रश्नाविषयी आहेत.

एक उदाहरण सांगतो. नावे सांगण्याचे कारण नाही. एका बांधवाने गावठाणातील घर ठरवले. विसार म्हणून एक लाख रुपये दिले. पाचशेच्या मुद्रांकावर नोटरी झाली. विकणारे दोघे भाऊ भले, नमाजी. खरेदीखताची वेळ आली तेव्हा वकिलाने जुने कागद मागितले. ग्रामपंचायतीच्या उताऱ्यावर अजून आजोबांचे नाव! आजोबा जाऊन तीस वर्षे झालेली. त्यांना दोन मुलगे आणि तीन मुली होत्या. तीन आत्यांपैकी एक हयात, एक वारलेली, तिची मुले मालेगावात; तिसरी लग्न होऊन गुजरातेत गेली ती तिकडचीच झाली. भावांनी सांगितले, 'आत्यांनी कधीच काही मागितले नाही.' वकील म्हणाले, 'मागितले नसेल, पण सोडलेही नाही.' सव्वा वर्ष हा व्यवहार लोंबकळला. घेणाऱ्याने दरम्यान भाडे भरले, विटा-सिमेंटचे भाव वाढले, आणि शेवटी विसाराची रक्कम हप्त्याहप्त्याने परत घेऊन त्याने तो नाद सोडला. आजही तो भाड्यानेच राहतो.

लोक म्हणतात, सरकारी काम फार किचकट. ते किचकट आहे, यात शंका नाही. एका सहीसाठी चार खेटे घालणाऱ्याचा वैताग मी समजू शकतो. परंतु या प्रकरणात कचेरीने काय अडवले? अडवले ते तीस वर्षे न झालेल्या वाटणीने. ज्या दिवशी आजोबा वारले, त्याच दिवशी त्या तीन मुली अल्लाहच्या आज्ञेने त्या घराच्या मालकीण झाल्या होत्या. सूरह निसाच्या ७ व्या आयतीत पुरुषांप्रमाणेच स्त्रियांचाही आईवडिलांच्या मालमत्तेत हिस्सा आहे, मग ती थोडी असो वा पुष्कळ, हे स्पष्ट केले आहे. ११ व्या आणि १२ व्या आयतीत हिस्से मोजून दिले आहेत. आणि १३ व्या-१४ व्या आयतीत या मर्यादा पाळणाऱ्यासाठी जन्नतचे वचन व ओलांडणाऱ्यासाठी आगीचा इशारा आहे. नमाजच्या रकअती किती, याचा तपशील कुरआनमध्ये नाही, तो आपल्याला सुन्नतमधून मिळाला. वारसाचे अपूर्णांक मात्र स्वतः कुरआनमध्ये आहेत. त्या अपूर्णांकांकडेच आपण सर्वाधिक दुर्लक्ष करतो.

हिशेब अवघड नाही. समजा, एक गृहस्थ वारले. मागे पत्नी, दोन मुलगे आणि एक मुलगी. वारलेल्याचे आईवडील आधीच निवर्तलेले. प्रथम कफन-दफनचा खर्च, मग कर्जाची फेड, आणि पत्नीचे मेहर द्यायचे राहिले असेल तर तेही कर्जच. मग वसीयत असेल तर एक तृतीयांशाच्या मर्यादेत ती. उरलेल्याचे ४० भाग केले तर पत्नीचे ५, प्रत्येक मुलाचे १४ आणि मुलीचे ७. घराची किंमत २० लाख धरली तर पत्नीला अडीच लाख, दोन्ही मुलांना सात-सात लाख आणि मुलीला साडेतीन लाख. ज्या बहिणीला लग्नात भांडी-कपाट दिले म्हणून 'तिचे झाले' असे आपण म्हणतो, तिचे हे साडेतीन लाख त्या भिंतींत आहेत. लग्नात दिलेली भेट हा वारसा नव्हे. वडील जिवंत असताना वारसा निर्माणच होत नाही.

यावर एक उत्तर नेहमी ऐकू येते: 'बहिणीने माफ केले.' बहीण माहेरी आली, भावजयीने चहा दिला, भावाने हक्कसोडीचा कागद पुढे ठेवला, गाडी बाहेर उभी. सही केली नाही तर माहेरचा दरवाजा बंद होईल, ही भीती तिच्या मनात. या सहीला माफी म्हणावे का? फिक्हच्या दृष्टीने तर केवळ 'मी माझा हिस्सा माफ केला' असे तोंडी म्हटल्याने वारसाहक्क संपत नाही, असा खुलासा आपल्या मुफ्तींनी वारंवार केला आहे. तिचा हिस्सा वेगळा करून तिच्या ताब्यात द्यावा आणि मग तिने राजीखुशीने दिला तर घ्यावा. किंवा ठरावीक रक्कम घेऊन तिने वाटणीतून बाहेर पडावे. दुसऱ्या मार्गाला फुकहा 'तखारुज' म्हणतात. हक्कसोडपत्रालाही कायद्यात स्थान आहे आणि नात्यातल्या अशा दस्ताला मुद्रांक नाममात्र असतो. तेव्हा कागद वाईट नाही. त्याच्या मागची जबरदस्ती वाईट.

ज्यांना हे सारे फार ताणल्यासारखे वाटते, त्यांनी मस्जिद-ए-नबवीच्या जागेचा व्यवहार आठवावा. हिजरतनंतर प्रेषितांची (स.) सांडणी मदिन्यात ज्या जागी बसली, ते खजूर वाळवण्याचे अंगण होते. ते सहल आणि सुहैल या दोन यतीम मुलांचे होते, असअद बिन जुरारा (रजि.) त्यांचा सांभाळ करीत होते. सहीह बुखारीतील कथनानुसार प्रेषितांनी (स.) त्या मुलांना बोलावून जागेची किंमत विचारली. मुले म्हणाली, आम्ही ती तुम्हाला भेट देतो. प्रेषितांनी (स.) भेट म्हणून ती घेण्यास नकार दिला आणि विकतच घेतली. विचार करा. घेणारे अल्लाहचे प्रेषित, हेतू मशिदीचा, देणारे आनंदाने देत आहेत, शहरात कोणी हरकत घेणारा नाही. तरीही अज्ञान मुलांची मालकी तशीच उचलली गेली नाही. मालक कोण ते विचारले गेले, त्यांच्याशीच बोलणे झाले, मोबदला दिला गेला. आज आपल्या देशातही अज्ञान वारसाचा हिस्सा परस्पर विकण्याचा अधिकार काकांना नाही, इतकेच काय, आईलाही नाही. न्यायालयाची परवानगी लागते. या नियमाला 'कटकट' म्हणण्यापूर्वी सहल आणि सुहैल यांची नावे डोळ्यांसमोर आणावीत.

आता घेणाऱ्याच्या बाजूने. कोणाचा वीतभर जमिनीचा तुकडा अन्यायाने बळकावणाऱ्याच्या गळ्यात कयामतच्या दिवशी सात जमिनींचे जोखड घातले जाईल, हा इशारा बुखारी व मुस्लिम या दोन्ही संग्रहांत आहे. आपण समजतो की हा इशारा बळकावणाऱ्यासाठी. आपण तर पैसे मोजून घेतो. परंतु विकणाऱ्याच्या हातात इतरांचा हिस्सा आहे हे कळत असूनही 'स्वस्त पडते' म्हणून डोळेझाक करणारा निर्दोष कसा राहील? विचारपूस करणे हे येथे केवळ शहाणपण नाही, कर्तव्य आहे. कोठे काय पाहावे, ते थोडक्यात सांगतो. वकील अधिक सांगतील, आणि त्यांची फी वाचवू नये.

गावठाणातील घरासाठी ग्रामपंचायतीचा नमुना ८ चा उतारा आपण जपून ठेवतो. तो कर आकारणीचा कागद आहे. मालकीचा अंतिम पुरावा नव्हे. २४ एप्रिल २०२० पासून केंद्राची स्वामित्व योजना सुरू झाली, तिच्यात ड्रोनने गावठाणांची मोजणी करून घरांना मालमत्ता पत्रक दिले जाते. आपल्या घराचे पत्रक निघाले असेल तर त्यावर नावे कोणाची आली ते बारकाईने पाहा. मोजणीच्या दिवशी जो घरात सापडला त्याचे नाव लागले आणि बहिणींची गळाली, असे होऊ देऊ नका. कागद नवा असतानाच दुरुस्ती सोपी असते.

गावाबाहेरच्या तुकड्यात अधिक धोका आहे. शेतजमिनीचा एक-दोन गुंठ्यांचा भाग, अकृषिक परवानगी नाही, स्वतंत्र सातबारा नाही, फक्त नोटरी आणि मुखत्यारपत्र. तुकडेबंदीचा कायदा १९४७ पासून आहे. शासनाने वेळोवेळी काही जुने तुकडे नियमित करण्याची वाट काढली, त्यामुळे लोकांना वाटते की उद्या आपलेही होईल. होईलही कदाचित. परंतु आयुष्याची कमाई 'कदाचित'वर ठेवायची का? शंभर रुपयांवरील स्थावराची विक्री नोंदणीकृत दस्तानेच होते, हे १८८२ चा मालमत्ता हस्तांतरण कायदा आणि १९०८ चा नोंदणी कायदा सांगतो. आणि केवळ मुखत्यारपत्र व करारनाम्यावर मालकी जात नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्ये पुन्हा स्पष्ट केले आहे. सातबाराच्या 'इतर हक्क' रकान्यात विकास सोसायटीचा किंवा बँकेचा बोजा आहे का, फेरफार कोणत्या आधारावर पडला, मागच्या तीस वर्षांत कोणते दस्त झाले, हे पाहिल्याशिवाय विसार देऊ नये. आणि विसार दिलाच तर रोख नको. खरेदीनंतरही काम संपत नाही: मिळालेल्या हक्काची फेरफारात नोंद झाली का, ते पाहावे लागते. कित्येकांनी खरेदीखत ट्रंकेत ठेवले आणि फेरफार केलाच नाही. पुढची पिढी पुन्हा तेथेच अडकते.

विंचूरच्या माणसाला कागदाचे महत्त्व सांगावे लागू नये, असे माझे मत आहे. पेशवाईत हे गाव सरदार विठ्ठल शिवदेव विंचूरकरांच्या जहागिरीचे. जहागिरी सनदेवर चालत, आणि घोडदळ गेले तरी सनदा सांभाळल्या जात. आपण मात्र 'आपसातला विश्वास' या नावाखाली लिहिणेच टाळतो, जणू लिहून मागणे म्हणजे अविश्वास. कुरआनमधील सर्वांत दीर्घ आयत, सूरह बकराची २८२ वी, ही मुदतीच्या देण्याघेण्याची लेखी नोंद आणि साक्षीदार याविषयी आहे. व्यवहार लहान असो वा मोठा, लिहिण्याचा कंटाळा करू नका, असेही तेथे बजावले आहे. श्रद्धावंतांना उद्देशून ही आज्ञा आहे. म्हणजे एकमेकांवर विश्वास असणाऱ्यांनाच ती दिली आहे.

कर्जाचा प्रश्न टाळून चालणार नाही. व्याज हराम आहे आणि घर ही निकड असली तरी या निकडीच्या नावाखाली सरसकट मुभा नाही, हीच आपल्या देशातील बहुसंख्य उलमांची भूमिका. खरोखर असह्य अडचण असेल तर आपली संपूर्ण परिस्थिती मुफ्तींसमोर मांडावी. एकाला मिळालेले उत्तर दुसऱ्याने उचलू नये. पण याच जमातीत एक गोष्ट बिनदिक्कत चालते, तिच्याकडे लक्ष वेधतो. शहरात तिला 'हेवी डिपॉझिट' म्हणतात, खेड्यात 'गहाण घर'. घरमालकाला तीन-चार लाख द्यायचे, दोन-तीन वर्षे बिनभाड्याने राहायचे आणि जाताना पूर्ण रक्कम परत घ्यायची. बँकेच्या पायरीलाही न शिवणारा माणूस हे निर्धास्तपणे करतो. वस्तुतः ते तीन लाख म्हणजे कर्ज, आणि बिनभाड्याचे राहणे म्हणजे त्या कर्जावरचा लाभ; आणि कर्जावर ठरवून घेतलेला लाभ हे व्याजच, असे फुकहांनी म्हटले आहे. अनामत वाजवी ठेवावी आणि भाडे बाजारभावाने द्यावे, हा त्यातला स्वच्छ मार्ग. आपल्या भिशीत मात्र प्रत्येकाला भरले तितकेच मिळत असेल, लिलाव करून रक्कम कापली जात नसेल, तर हरकत नाही. हप्त्याने घर विकत घेण्यासही हरकत नाही, फक्त एकूण किंमत करारावेळीच पक्की हवी आणि हप्ता चुकला म्हणून ती वाढता कामा नये.

हप्त्यांवरून बुखारीतील एक प्रसंग आठवतो, तो शेजाऱ्याच्या हक्काविषयीही आहे. अबू राफे (रजि.) यांच्या दोन खोल्या साद बिन अबी वक्कास (रजि.) यांच्या आवारात होत्या. त्यांनी त्या सादना देऊ केल्या. साद म्हणाले, हप्त्याने चार हजार दिरहमपेक्षा अधिक देणार नाही. अबू राफेंना दुसरीकडे पाचशे दीनार मिळत होते, म्हणजे अधिक रक्कम. तरी त्यांनी त्या सादनाच दिल्या, कारण शेजाऱ्याचा हक्क अधिक असतो, हे त्यांनी प्रेषितांकडून (स.) ऐकले होते. आज घर विकताना भिंतीला भिंत लागून असलेल्या माणसाला आपण शेवटी सांगतो, बहुधा दलालाच्या तोंडून.

पत्नीच्या नावाविषयीही लिहायला हवे. स्त्रीच्या नावे घर घेतल्यास महाराष्ट्रात २०२१ पासून मुद्रांक शुल्कात एक टक्का सवलत आहे, म्हणून अनेकजण खरेदीखत पत्नीच्या नावे करतात. चांगले आहे. पण ते घर तिला दिले आहे, की नुसते नाव लावले आहे? नवरा वारल्यावर दीर म्हणतात, 'पैसा भावाचा होता, वाटणी व्हावी'. ती म्हणते, 'माझे आहे, माझ्या नावावर आहे.' दोघेही आपापल्या परीने खरे बोलत असतात, आणि ज्याला ठाऊक होते तो कबरीत असतो. मेहरपोटी दिले असेल तर तसे लिहा. हिबा केला असेल तर ताब्यासह द्या आणि तसे लिहा. मुलांपैकी एकालाच घर लिहून देणाऱ्या वडिलांनी नुअमान बिन बशीर (रजि.) यांची हदीस लक्षात घ्यावी: त्यांच्या वडिलांनी त्यांना भेट दिली आणि प्रेषितांना (स.) साक्षीदार करू इच्छिले, तेव्हा सर्व मुलांना असेच दिले आहे का, असा प्रश्न आला, 'नाही' हे उत्तर ऐकून प्रेषितांनी (स.) साक्षीस नकार दिला.

जुन्या घरात राहणाऱ्या भावांची अडचण खरी आहे, हे मी जाणतो. हमाली करणारा भाऊ साडेतीन लाख एकदम कोठून आणणार? घर विकले तर सगळेच रस्त्यावर. यासाठी घर विकण्याची गरज नाही. चार माणसे बसवून घराची वाजवी किंमत ठरवा. बहिणीचा आकडा काढा. तो दरमहा तीन हजाराने फेडायचा झाला तर दहा वर्षांहून थोडे कमी लागतात. कांद्याच्या हंगामात अधिक द्या, पावसाळ्यात कमी. किंमत आज ठरली ती ठरली, पुढे वाढ नाही, व्याज नाही. तिने स्वखुशीने काही सोडले तर तिची मर्जी, पण आकडा तिला आधी कळू द्या. हे सर्व साध्या मराठीत दोन प्रतींत लिहा, दोन साक्षीदार घ्या, प्रत्येक हप्त्याची सही घ्या, आणि शेवटचा हप्ता झाला की दुय्यम निबंधकांकडे जाऊन हक्कसोडपत्र नोंदवा. एक प्रत बहिणीच्या हाती द्या. तिच्या नवऱ्याच्या नव्हे. लिहायला कोणी नसेल तर शुक्रवारी असरनंतर मी मशिदीच्या ओट्यावर असतो. येताना घराचा उतारा, वारलेल्याचा मृत्यूचा दाखला आणि सर्व वारसांची नावे, बहिणींसह, लिहून आणावीत.